माझी काळी बोटं, तुझा काळा अंगठा

भिवा,

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की शेवटी टाळणंच अंगवळणी पडलं. तू समोरच्या दारात राहत होतास. वाटायचं, सांगू उद्या, घाई काय आहे? उद्या उद्या करत तुला नातवंडं झाली, मलाही झाली, आपली चाळ पाडून इमारत झाली, तिथेही तू समोरच्याच दारात आलास. परवा तुझं तेरावं झालं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तुझा मोहन बोलायला उभा राहिला. चांगलं बोलला. म्हणाला, "आमचे बाबा गिरणीच्या संपाला घाबरले नाहीत, आरेतल्या म्हशींना घाबरले नाहीत. आयुष्यात एकदाच घाबरले, डॉक्टरच्या सुईला. तेवढे घाबरले नसते तर पाय राहिला असता." लोक हसले. रडून झाल्यावर माणसं हसतात तसं, मायेनं. सुमनवहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजींनी तेव्हा किती समजावलं होतं. ऐकलंच नाही."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला भरून आलं.

म्हणून आज लिहायला बसलोय. आधी हे तुला, मग वहिनींना आणि मोहनला.

कुठून सुरुवात करू? तुला आठवतं, संप लांबला आणि तू घरी बसलास, तेव्हा मी तुला अंधेरीला आमच्या गाळ्यावर घेऊन गेलो होतो. आमचं काम चांदीचा मुलामा देण्याचं. हॉटेलांचे चमचे, शाळांचे करंडक, देवाची उपकरणी. तू दोन दिवस टिकलास. तिसऱ्या दिवशी ॲसिडच्या वाफेनं खोकत बाहेर आलास आणि म्हणालास, "ह्येच्यापेक्षा म्हशीचा शेण बरा. विष्ण्या, तुझा नाक मेला हा, म्हणान तुका कळणा नाय."

मी हसलो होतो. पण ते खरं होतं. दहा-बारा वर्षांत माझं नाक खरंच मेलं होतं. बायको विचारायची, "दूध करपलं, कळलं नाही?" आणि मला खरंच कळलेलं नसायचं. माझी बोटंही तू बघितली होतीस. चांदी विरघळवलेलं पाणी कातडीवर सांडलं की दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग पडतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. कातडी झडेल तेव्हाच जातो. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं कायम काळी. तुझी आई गावाहून आली होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "बाबा, तू कोळसो इकतंस काय?"

हे नाक आणि ही बोटं लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं.

तू आरेच्या तबेल्यात लागलास. पहाटेची पाळी, म्हशी धुवायच्या, गव्हाणी भरायच्या. गिरणीत कापड विणायचे साचे चालवणारा माणूस म्हशींना नावानं हाका मारायला लागला. दुपारी घरी आलास की सांगायचास, आज रंगी रुसली, आज गौरीनं लाथ मारली. मला वाटायचं, तू तिथे गिरणीपेक्षा जास्त सुखात आहेस.

चांदीचं पाणी मी त्याच सुमारास करायला लागलो. गाळ्यातले एक जुने कारागीर पायांच्या भेगांना लावायचे, त्यांच्याकडून शिकलो. शुद्ध चांदीच्या दोन पट्ट्या, बॅटरीत घालायचं डिस्टिल पाणी, आणि ट्रान्झिस्टरचे तीन चौकोनी सेल एकाला एक जोडलेले. पट्ट्या काचेच्या ग्लासात बुडवायच्या, तारा जोडायच्या, थांबायचं. थोड्या वेळानं एका पट्टीवरून धुरासारखी बारीक रेघ पाण्यात उतरते. पाणी हलकं पिवळं होतं, चहाच्या कपात पाणी ओतल्यावर होतं तसं. तुम्ही सगळे माझ्या खोलीत दाटीवाटीनं बसून ते बघायचात. तू म्हणायचास, "आमच्या घाट्याची जादू बघा."

विश्वास बसायला फार काही लागलं नाही. आपल्या घरात बाळाचा पहिला घास चांदीच्या वाटीतूनच देतात. माझी आजी पाण्याच्या कळशीत चांदीचा रुपया टाकून ठेवायची. त्यात सुमनवहिनींचा हात नारळ खवताना विळीवर कापला, चिघळला, आणि मी रोज संध्याकाळी ती जखम चांदीच्या पाण्यानं धुतली. आठ-दहा दिवसांत भरली. साध्या उकळलेल्या पाण्यानंही भरली असती कदाचित. पण चाळीत माझं नाव झालं. कोणाचं गळू, कोणाचं खरचटलेलं, लोक बाटली घेऊन दारात. गाळ्यावर मला कोणी विचारायचं नाही. चाळीत मात्र "भावजी, जरा बघता का" असं म्हणत लोक यायचे. ते मला आवडायचं, भिवा. फार आवडायचं.

मग ती म्हैस तुझ्या पायावर उभी राहिली.

तू हसतच आलास. "रंगीन मिठी मारल्यान," म्हणालास. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख निघालं होतं, बाजूची कातडी फाटली होती आणि त्यात शेणामुताचा चिखल. मी जखम धुतली, चांदीच्या पाण्यात कापूस भिजवून ठेवला, पट्टी बांधली. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. गमबुटात ओला पाय, ओली पट्टी. मी रोज बदलायचो. मी विचारायचो, "दुखतंय का रे?" तू म्हणायचास, "अजिबात दुखणा नाय. तुझा पाणी झकास आसा."

दुखत नव्हतं, ही चांगली खूण वाटली आपल्याला. फाटलेला, सुजलेला अंगठा न दुखण्याचं कारण वेगळं असू शकतं, हे आपल्याला कोण सांगणार होतं?

सांगितलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी तुला ओढून त्यांच्याकडे घेऊन गेल्या होत्या. त्यांनी लघवी तपासायला लावली, म्हणाले साखर आहे, बरीच वर्षं असणार, पायाची जाणीव गेलीय. हे माझं काम नाही, उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात जा, म्हणून चिठ्ठी लिहून दिली. वहिनींनी विचारलं, अंगठा राहील ना? डॉक्टर म्हणाले, अंगठा गेला तरी चालेल, उशीर नको.

आता ती सकाळ.

वहिनींना मोहनला शाळेत सोडून मागून यायचं होतं. तू एकटा पुढे निघालास. हातात कापडी पिशवी, तीत टॉवेल, ताट, पेला आणि डॉक्टरांची चिठ्ठी. लंगडत उतार उतरून तू बसस्टॉपवर पोचलास. मी गाळ्यावर निघालो होतो, मागून आलो. तू घाबरला होतास का? नव्हतास. मी शपथेवर सांगतो, तू घाबरला नव्हतास. तू स्टॉपवरच्या बाईला विचारत होतास, हॉस्पिटलात जेवण देतात की घरून न्यावं लागतं.

मी म्हणालो, "कशाला जातोस? तिथे गेलास की अंगठा कापतील. त्यांचं कामच ते."

"डॉक्टर म्हणता साखर आसा."

"साखर असेल. जखम भरतेय ना पण? अरे, हॉस्पिटलातही भाजलेल्या माणसाला चांदीचंच मलम लावतात. आपण तेच करतोय. अंगठा गेला तर तबेल्यात कोण ठेवील तुला? मला आठ दिवस दे."

बस आली. दारातला माणूस म्हणाला, येताय का काका. तू त्याला हातानं जा म्हणालास. मग पिशवी माझ्या हातात दिलीस. "आठ दिस दितंय तुका. तू सांगतंस म्हणान ऱ्हवतंय. मगे मी जातलंय."

मी तुला धरून चढ चढवला. मी का अडवलं, ते चाळीस वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगितलं. तुझ्या नोकरीसाठी. तुझ्या अंगठ्यासाठी. थोडं तेही होतं. पण तू हॉस्पिटलात गेला असतास तर चाळीत सगळे म्हणाले असते, विष्णूचं पाणी फुकट गेलं. तुझ्या अंगठ्याआधी मला माझं पाणी वाचवायचं होतं.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून माझी गाळण उडाली. तू तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "काय सांगू वहिनी, म्हशीला न भिणारा माणूस सुईला भ्याला. स्टॉपवरून परत फिरला. मी किती समजावलं, ऐकेना."

तू माझ्याकडे बघितलंस. एवढंसं. मग हसलास आणि वहिनींना म्हणालास, "भियालंय गो. सुई बघून नाय, आठवूनच भियालंय."

त्या दिवसापासून तू चाळीतला भित्रा झालास. गणपतीत, होळीत, पत्त्यांच्या डावात, जो तो तुला चिडवायचा, आणि तू सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचास.

पुढचे आठ दिवस मी दिवसातून दोनदा पट्टी बदलली. चौथ्या दिवशी अंगठ्याच्या टोकाला काळं दिसलं. तू विचारलंस, "ह्या काय रे काळा?" मी माझा हात तुझ्या पायाशेजारी ठेवला. माझी तीन काळी बोटं, तुझा काळा अंगठा. म्हणालो, "हे बघ. चांदी मुरली की कातडी अशीच होते. मला तर बारा वर्षं आहे." तू निर्धास्त झालास. मीही. खोटं बोललो नव्हतो मी तेव्हा. माझ्या आयुष्यात काळ्या कातडीचा एवढाच अर्थ होता. गाळ्यात न राबलेल्या कोणीही तो अंगठा बघितला असता तर त्याच क्षणी तुला उचलून नेलं असतं.

सहाव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, वास येतोय."

मी पायाजवळ नाक नेलं. काहीच नाही. म्हणालो, "औषधाचा असेल."

"औषधाचा नाही हो. मेलेल्या उंदरासारखा येतोय."

"तुम्ही उगाच घाबरवू नका त्याला, वहिनी."

त्या गप्प बसल्या. विळीवर कापलेला त्यांचा हात मीच बरा केला होता, म्हणून गप्प बसल्या.

आठवा दिवस उजाडलाच नाही. सातव्या दिवशी दुपारी तुला हुडहुडी भरली, तू रंगीला हाका मारायला लागलास. वहिनींनी रिक्षा आणली आणि मला न विचारता तुला घेऊन गेल्या. मी गाळ्यावरून परस्पर पोचलो तेव्हा काळं घोट्यापर्यंत आलं होतं. गुडघ्याखालून पाय काढला. तू वाचलास, याचं डॉक्टरांनाच नवल वाटलं.

दोन दिवसांनी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चिठ्ठी आठवड्यापूर्वीची आहे. इतके दिवस काय केलंत? काय लावत होता?" वहिनी म्हणाल्या, चांदीचं पाणी. बाई भडकल्या. "कोणी सांगितलं हे? आमचं चांदीचं मलम निराळं. ते लावायच्या आधी आम्ही सडलेलं कापून काढतो, साखर उतरवतो, इंजेक्शनं देतो. नुसतं मलम लावून आम्हीही कोणाचा पाय वाचवत नाही. सांगा, कोणी अडवलं तुम्हाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

तू म्हणालास, "कोणी नाय, बाई. मीच भियालंय. स्टॉपावरसून परत इलंय."

बाई गेल्या. वहिनी पाणी आणायला गेल्या. तू छताकडे बघत हळूच म्हणालास, "विष्ण्या, हात खिशातसून काढ. गरम होता हा."

त्या सकाळीबद्दल आपलं दोघांचं बोलणं एवढंच.

त्या रात्री घरी येऊन मी तारा, सेल आणि ग्लास कचऱ्यात टाकले. दोन पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. लोक बाटल्या घेऊन यायचे, मी म्हणायचो, डॉक्टरकडे जा. पाणी का बंद केलं, कोणाला सांगितलं नाही. गंमत म्हणजे तूच मागायचास. दाढी करताना कापलं, कुबडी घासून काखेत सोललं, की तू म्हणायचास, "दी रे थोडा तुझा पाणी." मी नाही म्हणायचो. एकदा तू चिडलास. "माझो पाय गेलो तरी माझो इस्वास ऱ्हवलो, आणि तुझो गेलो? असो कसो रे तू?" मी म्हणालो, "डेटॉल लाव." तू महिनाभर मला डेटॉल म्हणून हाक मारत होतास. तो वाद अर्धाच राहिला. मला म्हणायचं होतं, पाण्याचं सोड, मला विचार. पाणी काही स्टॉपवर आलं नव्हतं. मी आलो होतो.

मला आशा होती की तू कधीतरी रागावशील. दारू पिऊन शिव्या देशील, चारचौघांत बोलशील. तू दारूही घेत नव्हतास. रबरी पाय बसल्यावर पहिल्याच दिवशी माझ्या खोलीत आलास, पाय काढून माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "तू करंडक चकचकीत करतंस ना, ह्याकाय कर." माझ्या बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. तो पाय मांडीवर घेऊन मी बसलो होतो, आणि मला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात तूच माझ्या बायकोला म्हणालास, "चाय टाक, वहिनी."

तबेला सुटला. काही वर्षांनी तुला अपंगांच्या कोट्यातून स्टेशनजवळ टेलिफोनचा बूथ मिळाला. पिवळ्या रंगाची ती पत्र्याची पेटी, आत तू, बाहेर रांग. माझ्या मुलीला मुलगी झाली ती बातमी तुझ्याच बूथवर आली, आणि रबरी पायानं सगळा चढ चढून तू सांगायला आलास. कोणाला तरी पाठवलं असतंस तर चाललं असतं. धापा टाकत दारात उभा राहिलास. "आजोबा झालंस रे घाट्या." तुझं किती म्हणून देणं आहे माझ्यावर, आणि ते तू कधी माझ्या लक्षातही येऊ दिलं नाहीस.

एक गोष्ट तुला कळली होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. तोंडावर बोलायला जमत नाही म्हणून मी एकदा मालाडला गेलो. तिथल्या एका बूथवरून तुझ्या बूथचा नंबर फिरवला. कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून काचेकडे पाठ केली. वाक्य घरून पाठ करून आलो होतो.

तू उचललास. "हॅलो, बोला."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बोला, आवाज येणा नाय."

गाळ्यातल्या वाफेनं मला कायमचा जडलेला तो खोकला आला. दाबला, तरी आला. पलीकडे तुझ्या मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता. मग तू एकदम हळू म्हणालास, "विष्ण्या, तू आसंस काय?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तू काही विचारलं नाहीस. फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्या दारात बसलास. बोलायला जागा करून दिल्यासारखा. मी क्रिकेटचं बोलत राहिलो.

हा कागद मी उद्या वहिनींच्या हातात देणार आहे. मोहनला समोर बसवून देणार आहे. तो मला काय म्हणेल ते म्हणेल, पण यापुढे कोणी त्याच्या बापाला भित्रा म्हटलं तर त्याला उत्तर माहीत असेल. पट्ट्यांचा डबाही घेऊन जाईन. वहिनींना वाटलं तर ठेवतील, वाटलं तर फेकतील.

पण त्याआधी तुला. मालाडच्या बूथवर पाठ करून नेलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. त्या दिवशी तू विचारलंस, त्याचं उत्तर देतो.

होय भिवा, मीच आहे. त्या सकाळी तू घाबरला नव्हतास. तू निघाला होतास, मी तुला परत आणलं, आणि वर तुलाच भित्रा ठरवलं. मला माफ कर रे.